नाणेघाटाचा रांजण आणि आपला पिन
मंडळी, नाणेघाटातला दगडी रांजण आठवतोय ना? सातवाहनकाळी व्यापारी त्यात जकात टाकायचे, असं आपण लहानपणापासून ऐकतोय. तिथल्या लेण्यातल्या शिलालेखात हजारो कार्षापणांच्या दानाची नोंद आहे. त्या नाण्यांवर पहारा ठेवता यायचा. आता पैसा म्हणजे नुसते आकडे. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी गेले, बरेचसे बनावट कार्डांनी परदेशातल्या एटीएममधून. तिजोरी कुणी फोडलीच नाही!
ऑक्टोबर २०२२पासून ऑनलाइन दुकानांना आपला कार्ड नंबर साठवता येत नाही. पण पिनचं काय? परवा मंचरचा एक शेतकरी मला सांगत होता, “पैसे पाठवतो, पिन टाका म्हणाला. टाकला अन् खातं रिकामं.” लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन लागतच नाही. या रांजणाचे पहारेकरी आपणच. फसलात तर लगेच १९३० लावा.