‘बांधून द्या’ची अमेरिकेतील हकीकत

आपल्या स्मरणिकेत परदेशप्रवासाचे वर्णन बहुधा असतेच, आणि त्यात नायगाराचा धबधबाही हटकून येतो. तेव्हा त्याविषयी मी लिहीत नाही. २०१९ साली लेकीकडे लॉस एंजेलिसजवळ चार महिने राहिले. दर शुक्रवारी संध्याकाळी चूल बंद, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वस्तातले जेवण बांधून आणावयाचे, असा तिच्या घरचा शिरस्ता. आज चिनी, तर पुढच्या शुक्रवारी व्हिएतनामी. त्या पुड्यांमागे केवढा इतिहास दडला आहे हे कळले, तेव्हा तो मंडळातील भगिनींना सांगावासा वाटला.

ही दुकाने जेथे असतात त्याला तिकडे ‘स्ट्रिप मॉल’ म्हणतात. आपण एकमजली चाळ डोळ्यांपुढे आणावी. ओळीने सहासात गाळे. एकात धोबी, एकात दंतवैद्य, एकात नखे रंगवून देणारी बाई, आणि उरलेल्यांत खाण्याची दुकाने. पुढे मोटारींसाठी पटांगण. १९७३ च्या तेलटंचाईनंतर लॉस एंजेलिसमधील कित्येक पेट्रोल पंप बंद पडले आणि त्यांच्या कोपऱ्यावरच्या मोक्याच्या जागांवर अशा ओळी उठल्या. त्या कुरूप आहेत अशी ओरड झाली, आणि कुरूप त्या आहेतच! पण तेथे भाडे कमी. १९६५ च्या नव्या कायद्याने आशियातील लोकांना अमेरिकेची दारे उघडली होती. हाती थोडके भांडवल घेऊन आलेल्या माणसाला दुकान मांडावयास दुसरी जागा कोठली परवडणार?

चिनी खाण्याची कथा मात्र याहून पुष्कळ जुनी, आणि ती ऐकताना घास घशात अडकतो. १८८२ साली अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना देशात येण्याची बंदी केली. बायकांची वाट तर १८७५ च्या कायद्यानेच अडविली होती. वाईट चालीच्या स्त्रियांना रोखण्याचे त्याचे निमित्त. पण येणारी प्रत्येक चिनी स्त्री संशयित ठरे आणि अब्रूदार घरची सून असली तरी तिची अपमानकारक उलटतपासणी होई. परिणामी हजारो पुरुष तिकडे एकटे राहिले आणि त्यांच्या बायका चीनमधील खेड्यांत वर्षानुवर्षे वाट पाहत बसल्या. व्यापाऱ्याला तेवढी ये-जा करण्याची मुभा होती. १९१५ साली न्यायालयाच्या एका निकालाने उपाहारगृहाचा मालकही व्यापाऱ्यांत मोडू लागला. मग काय, भागीदारीत पैसे घालून जो तो उपाहारगृह काढू लागला. चिनी माणसाला स्वयंपाकाची उपजत हौस असते असे म्हणणाऱ्यांनी हा निकाल ध्यानात घ्यावा. कायद्याने सगळी दारे लावून एवढीच एक खिडकी उघडी ठेवली होती. ही बंदी १९४३ साली उठली, पण तेव्हाही वर्षाला अवघ्या १०५ चिनी माणसांना प्रवेश!

ज्या कागदी डब्यात ते खाणे मिळते तो डबा मुळात चिनी नव्हेच. शिकागोच्या फ्रेडरिक विलकॉक्स यांनी १८९४ साली त्याचे पेटंट घेतले. एकाच कागदाला घड्या घालून केलेला, म्हणून रस गळत नाही. वर तारेची कडी. पूर्वी असल्या डब्यांतून कालवे नेत असत. घड्या उलगडल्या की त्याचीच ताटली होते, हे पाहून मला आपल्या द्रोण-पत्रावळी आठवल्या.

डोनटची कथा सांगितल्यावाचून राहवत नाही. डोनट म्हणजे मैद्याचे तळलेले, साखरेत घोळलेले कडे. १९७५ साली कंबोडियात ख्मेर रूजचे राज्य आले, तेव्हा टेड नॉय नावाचे गृहस्थ बायकामुलांसह जीव वाचवून कॅलिफोर्नियात पोचले. एका मोठ्या कंपनीच्या दुकानात ते हे काम शिकले आणि १९७७ साली ‘क्रिस्टीज’ नावाचे एक दुकान त्यांनी विकत घेतले. पत्नीनेही पुढे तेच नाव धारण केले. त्यांनी आपल्या देशबांधवांना जामीन राहून आणविले, काम शिकविले, दुकाने चालवावयास दिली. पुढे नॉय यांची सारी दौलत जुगारात गेली, परंतु दुकाने राहिली. कॅलिफोर्नियातील स्वतंत्र डोनट-दुकाने आजही बहुतांशी कंबोडियन कुटुंबांचीच आहेत. त्यांची गुलाबी खोकी प्रसिद्ध आहेत. कोणाला त्यात सौंदर्यदृष्टी दिसते. खरे कारण एवढेच की पांढऱ्या खोक्यापेक्षा गुलाबी खोके काही सेंटांनी स्वस्त पडे.

अशा गाळ्यांतून जेवून त्यांवर मनापासून लिहिणारे जोनाथन गोल्ड यांना २००७ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. उपाहारगृहांच्या समीक्षकाला ते प्रथमच मिळत होते. तोवर तिकडील प्रतिष्ठित मंडळी या खाण्याकडे फारशी वळत नसत.

हे खाणे इतके स्वस्त कसे, असे मी लेकीला पुन्हापुन्हा विचारी. पाचसहा डॉलरांत भरपेट जेवण त्या देशात नवलाचेच. थोडे दिवस पाहिल्यावर उत्तर आपोआप मिळाले. गल्ल्यावर सून, आत भांड्यांपाशी सासू, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर गृहपाठ करता करता पुडे बांधणारी मुले. यांतल्या कोणाचाही पगार हिशेबात धरलेला नसतो. आपल्या गिरणगावातील खानावळवाल्या बायकांचे तरी काय होते? चाळीतल्या एका खोलीत पंधरावीस कामगारांना जेवू घालीत आणि किराणा उधारीवर आणीत. त्यांना प्रेमा पुरव यांनी १९७५ सालीच अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्या तिकडच्या सासूसुनांचे असे मंडळ मला कोठे आढळले नाही.

आमच्या कोपऱ्यावर डोनट विकणारी कंबोडियन बाई माझ्याच वयाची होती. लेकीला दुभाषी करून मी तिला विचारले, “बाई, तुम्ही उठता तरी किती वाजता?” ती म्हणाली, “रात्री दोनला. पस्तीस वर्षे झाली.” एक मुलगा दंतवैद्य, दुसरी मुलगी औषधांच्या दुकानात मोठ्या हुद्द्यावर. मग दुकान पुढे कोण चालविणार? ती हसली आणि म्हणाली, “कोणी नाही. गिऱ्हाईक मिळाले की विकून टाकायचे.” एवढे बोलून तिने आमच्या खोक्यात न मागता एक कडे जास्त टाकले आणि मागच्या माणसाकडे वळली.