वजन कुठे आहे? : फ्लायव्हील आणि क्लच यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

साखरखेर्डा, मेहकर, सिंदखेड राजा या पट्ट्यात ज्यांनी विहिरीवरचे ऑइल इंजिन हाताने सुरू केले आहे, त्यांना या पुस्तकाचा पहिला धडा आधीच येतो. सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, हँडल घालून जड चाक फिरवायचे आणि चाकाने वेग धरला की खटका सोडून द्यायचा. सिलिंडरमधली हवा दाबण्याइतका जोर त्या क्षणी हातात नसतो. तो चाकात असतो, कारण हाताने आधीच्या दहा-बारा फेऱ्यांत ती ऊर्जा चाकात साठवलेली असते. पहिला बार होतो आणि इंजिन लागते.

हे चाक म्हणजे फ्लायव्हील. स्पोर्ट्स कारमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये जे चाक झाकलेले असते, तेही हेच काम करते. पण विहिरीवरच्या इंजिनाला जड चाक लागते, आणि शर्यतीची हौस असलेला तरुण तेच चाक हलके करण्यासाठी पैसे मोजतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. ते कसे, हे समजले की स्वस्तातले हलके फ्लायव्हील आणि त्याला साजेसा क्लच निवडणे सोपे होते. म्हणून हे पुस्तक भावांच्या यादीने सुरू न होता या प्रश्नाने सुरू होते.

चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच बार होतो. उरलेला वेळ इंजिन हवा ओढते, दाबते, धूर बाहेर टाकते आणि हे सगळे चाकातल्या साठ्यावर चालते. लिस्टर धाटणीचे संथ इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेत असेल, तर दोन बारांमध्ये सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास अंतर पडते. चार सिलिंडरच्या मोटारीत दर अर्ध्या फेऱ्याला बार होतो. ती जागेवर ८०० फेऱ्यांनी घुरघुरत असली, तरी हे अंतर सेकंदाच्या सुमारे सत्ताविसाव्या हिश्शावर येते. शिवाय चाकातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ३,००० फेऱ्यांवर जेवढी ऊर्जा एका चाकात मावते, तेवढीच ६५० फेऱ्यांवर साठवायची तर चाकाचे जडत्व आघूर्ण सुमारे २१ पट हवे. विहिरीवरचे चाक माणसाच्या कमरेपर्यंत आणि मोटारीचे चाक ताटाएवढे का, याचे उत्तर या एका वर्गात आहे.

आता जडत्व आघूर्णाकडे येऊ. बारावीच्या पुस्तकात त्याचे सूत्र येते, परीक्षा होते आणि बहुतेक जण ते तिथेच सोडून देतात. फ्लायव्हील निवडताना मात्र तेच सूत्र पैसे वाचवते. समजा, २८ सेंटिमीटर व्यासाचे ८ किलोचे एकसारख्या जाडीचे चाक आहे. त्याचे जडत्व आघूर्ण भरते ०.०७८ किलोग्रॅम चौरस मीटर. लेथवर त्यातले २ किलो उतरवायचे आहे. ते केंद्रापासून साडेबारा सेंटिमीटरवरून, म्हणजे कडेजवळून उतरवले, तर आघूर्ण सुमारे ४० टक्क्यांनी घटते. तेच २ किलो केंद्रापासून सहा सेंटिमीटरवरून उतरवले, तर घट जेमतेम ९ टक्के. वजनकाट्यावर दोन्ही चाके सहा किलोचीच. गाडीत मात्र एकाचा फरक पायाला लगेच कळेल, दुसऱ्याचा शोधावा लागेल. म्हणून ‘चाक किती किलोचे?’ एवढ्यावर थांबू नका. वजन कुठे आहे, हे विचारा.

याच्या जोडीला दुसरा प्रश्न येतो : गाडी कोणत्या गिअरमध्ये जास्त वेळ राहणार आहे? वरच्या उदाहरणात कडेजवळून काढलेल्या दोन किलोचा परिणाम रस्त्यावर किती, तेही मोजता येते. पहिल्या गिअरमध्ये इंजिन आणि रस्त्यावरचे चाक यांच्या फेऱ्यांचे एकूण प्रमाण १४ धरा आणि त्या चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर. वेग घेताना गाडीला सुमारे ७८ किलो भार कमी झाल्यासारखे वाटेल, जणू एक माणूस उतरला. वरच्या गिअरमध्ये हे प्रमाण ३.६ वर आले की तोच फायदा पाच किलोंवर येतो, कारण इथेही प्रमाणाचा वर्ग लागतो. अवघड वळणांच्या घाटात, रॅलीच्या मातीच्या रस्त्यावर, खालच्या गिअरमध्ये सतत वर-खाली करणाऱ्या चालकाला हलके चाक खरोखर साथ देते. समृद्धी महामार्गावर मेहकरहून नागपूरला एकाच वेगात जाणाऱ्याला त्यातून जवळजवळ काहीच मिळत नाही. इंजिनाची अश्वशक्तीही याने वाढत नाही. इंजिन लवकर चढते आणि लवकर उतरते, एवढेच. ते ‘एवढेच’ शर्यतीत फार मोलाचे असते.

या फायद्याची किंमत मोजावी लागते आणि ती आधी सांगणे मला आवश्यक वाटते. हलक्या चाकाच्या गाडीचे इंजिन जागेवर थरथरते आणि वातानुकूलन लावताच गुदमरू शकते. चढावर गाडी उचलताना जरा चुकले की इंजिन बंद पडते. चाकात साठा कमी असल्याने चूक पोटात घालायला काही उरत नाही. तिसरी गोष्ट उष्णतेची. हजार किलोची गाडी पहिल्या गिअरमध्ये १,५०० फेऱ्यांवर उचलली, तर क्लचमध्ये प्रत्येक वेळी सुमारे पाच हजार ज्यूल उष्णता तयार होते. ती पिणाऱ्यांत फ्लायव्हीलही असते. धातू कमी, तर तापमान लवकर चढणार. गर्दीत तासभर चालणाऱ्या गाडीचा आणि वर्षातून चार वेळा ट्रॅकवर उतरणाऱ्या गाडीचा हिशेब म्हणूनच वेगळा मांडायचा.

इथे क्लच येतो. त्याचा अभ्यास फ्लायव्हीलपासून तोडता येत नाही, कारण क्लच प्लेट एका बाजूने याच चाकावर घासते. आपल्याकडे ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना क्लच नीट माहीत असतो. दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरवर पेडल अर्धे दाबले की चाकांकडची ताकद तुटते, पण जोडलेले यंत्र फिरवणारा पीटीओ चालू राहतो आणि सोयाबीनचे मळणीयंत्र फिरत राहते. पूर्ण दाबले की तोही थांबतो. एकाच पेडलखाली दोन कामे वेगळी करता येतात, हे ज्याच्या पायाला कळले आहे त्याला बाकीचे गणित अवघड नाही.

ते गणित असे : क्लच किती टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, पेलेल, हे घर्षण गुणांक, प्रेशर प्लेटचा दाब, घासणाऱ्या पट्ट्याची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या यांच्या गुणाकाराने ठरते. उदाहरण जवळचे घेऊ. स्कोडाने २००४ साली भारतात आणलेली ऑक्टाव्हिया आरएस छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जाई. साखरखेर्ड्याहून सिंदखेड राजा, जालना करत संभाजीनगरला जाताना वाटेत शेंद्रा लागते. १.८ लिटरच्या त्या टर्बो पेट्रोल इंजिनाचा टॉर्क सुमारे २१० न्यूटन-मीटर. एवढ्या ताकदीच्या कोणत्याही गाडीसाठी घर्षण गुणांक ०.३, दाब ५,२०० न्यूटन, सरासरी त्रिज्या साडेनऊ सेंटिमीटर आणि दोन बाजू धरल्या, तर क्लच सुमारे २९६ न्यूटन-मीटर पेलतो. म्हणजे गरजेच्या १.४ पट. रोजच्या गाडीला एवढी शिल्लक चांगली. पण मालकाने इंजिनाच्या संगणकात फेरफार करून टॉर्क २७० वर नेला, की ही शिल्लक एक दशांशावर येते. मग नवी कोरी प्लेटही चढावर घसरू शकते आणि दोष प्लेटवर जातो.

शिल्लक वाढवण्याचे मार्ग त्याच गुणाकारात आहेत. दाब वाढवला तर पेडल जड होते आणि रिलीज बेअरिंगवर भार येतो. सिरॅमिक किंवा धातुमिश्रित प्लेट घेतली तर घर्षण वाढते, पण क्लच झटक्याने पकडतो आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग लवकर झिजतो. बाजू वाढवणे हा तिसरा मार्ग मोटारसायकलींनी निवडला आहे. चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० सारख्या गाडीत तेलात बुडालेल्या अनेक पातळ प्लेटा असतात, म्हणून तिचा क्लच तळहाताएवढा राहूनही पुरतो. सुप्रा किंवा फॉर्म्युला भारत या स्पर्धांसाठी गाडी बांधणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी बहुधा मोटारसायकलचेच इंजिन बसवतात. त्यांच्यासाठी मोटारसायकलच्या क्लचचे प्रकरण स्वतंत्र लिहिले आहे.

आता पैशाचे. या कामात सर्वांत महाग वस्तू बऱ्याचदा सुटा भाग नसतो, तर गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी असते. म्हणून एकदा तो खाली आला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग एकत्रच पाहावे. क्रँकचे मागचे ऑइल सील तेव्हाच बदलावे आणि फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घालून टॉर्क पान्याने आवळावेत. नामांकित कंपनीची रोजच्या वापराची प्लेट आणि पोलादी हलके चाक ही जोडी बहुतेक हौशी गाड्यांना पुरते. रेसिंग किटवरचा खर्च टायर आणि ब्रेकवर केला, तर गाडी अधिक वेगवान होते. अनेक डिझेल गाड्यांत दोन भागांचे, आत स्प्रिंग असलेले फ्लायव्हील असते. ते काढून एकसंध चाक बसवले की खर्च वाचल्यासारखा वाटतो, पण इंजिनाचे हादरे थेट गिअरबॉक्समध्ये जातात. तिथे स्प्रिंगवाली प्लेट हवीच.

एका ठिकाणी मात्र काटकसर करू नका. मूळ चाक बहुधा बिडाचे असते, आणि त्याला भोके पाडून हलके करण्याचा सल्ला सहज मिळतो. मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर २८ सेंटिमीटरच्या चाकाची कड सेकंदाला १०३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३७० किलोमीटर वेगाने धावते. कड सुटी कडी मानली तर तिच्यात दर चौरस मिलिमीटरला सुमारे ७६ न्यूटन ताण येतो. भोकाच्या काठावर ताण तिपटीच्या आसपास जातो, म्हणजे २२८. एफजी २६० या चांगल्या प्रतीच्या बिडाची ताण सोसण्याची हमी २६० ची. त्यात क्लचच्या उष्णतेने पडलेल्या बारीक भेगा धरल्या तर उरते काय? असे चाक फुटले की तुकडे गिअरबॉक्सचे कवच फोडून चालकाच्या पायांपर्यंत येतात. हलके चाक हवे असेल तर घडीव पोलादाचे घ्यावे, किंवा घासणाऱ्या जागी पोलादी तबकडी असलेले ॲल्युमिनियमचे. बसवण्याआधी त्याचे संतुलन करून घ्यावे आणि स्टार्टरच्या दातेरी कड्याचे दात मूळ चाकाइतकेच आहेत ना, हे मोजावे.

हा विषय मराठी मुलखाला परका नाही. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि इंजिन शेतात पोचले. कोल्हापूरच्या फाउंड्रीज मोटारींसाठी बिडाचे ओतीव भाग घडवतात. संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत पूर्वी सीके डायकिन आणि आता एक्सेडी या नावाने क्लच तयार होतात. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था वाहनांच्या चाचण्या घेते. ओतणारे, कातणारे, जोडणारे आणि तपासणारे हात आपल्याच जिल्ह्यांतून तिथे जातात. त्यांच्या हातातले ज्ञान मराठी पुस्तकात फार कमी उतरले. ते उतरावे, गॅरेजमधल्या मुलाला आणि पदविका शिकणाऱ्या मुलीला एकाच पानावर भेटावे, ही या पुस्तकामागची तळमळ आहे.

प्रकरणे ओळीने वाचायची गरज नाही. मेकॅनिकने क्लचपासून सुरुवात करावी, विद्यार्थ्याने जडत्वापासून, मालकाने खर्चाच्या प्रकरणापासून. प्रत्येकाने एक प्रयोग मात्र करावा. फ्लायव्हील तीन समान तारांनी आडवे टांगा. तारा दीड मीटर लांब, केंद्रापासून बारा सेंटिमीटरवर आणि एकमेकींपासून सारख्या अंतरावर बांधलेल्या हव्यात. चाक थोडे पिळून सोडा आणि २० हेलकावे मोजा. वरच्या उदाहरणातल्या सहा किलोच्या दोन चाकांपैकी कडेने हलके केलेले चाक सुमारे ३६ सेकंदांत ते पुरे करील, मध्यातून हलके केलेले सुमारे ४५ सेकंद घेईल. वजनकाट्याला न दिसलेला फरक मोबाइलच्या घड्याळाने उघड होतो. याला तार, तुळई आणि धीर एवढेच साहित्य लागते. साखरखेर्ड्याच्या वर्कशॉपमध्ये मोजलेला आकडा पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या आकड्याशी पडताळून पाहता येतो, आणि विकणाऱ्याच्या शब्दाशीही. पहिले चाक मोजून झाले की विषयात तुमचा प्रवेश झाला असे समजा. पुढची पाने तुमच्या आकड्यांची वाट पाहतात.