पासवर्डचं वय

पासवर्ड हा प्रकार कॉम्प्युटरवर आला १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या एमआयटीत. फर्नांडो कॉर्बातो यांच्या ‘सीटीएसएस’ प्रणालीत एकच यंत्र अनेकजण वाटून घेत; ज्याच्या त्याच्या फायली वेगळ्या राहाव्यात, एवढाच हेतू. १९६२मध्ये ॲलन शेर या संशोधकाला वाट्याचा वेळ पुरेना, तेव्हा त्याने सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली. कुलूप नवंकोरं असतानाच चोरवाट सापडली होती.

१९७९मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले. ८६ टक्के तकलादू निघाले. मग १९८५मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या मार्गदर्शिकेने हिशेब मांडला: चोर ठरावीक वेळात किती अंदाज करू शकेल, त्यावरून पासवर्डचं आयुष्य ठरवा; ते वर्षाहून जास्त नको.

१९९३मध्ये ‘एलडॅप’ आलं आणि संस्थेतल्या सगळ्यांची खाती एकाच डिरेक्टरी सर्व्हरवर ठेवणं सोपं झालं. पुढे तिथेच नियमही बसले: पासवर्डचं कमाल वय किती, किती चुकांनंतर खात्याला टाळं लागणार, ते कधी उघडणार. ‘ओपन-एलडॅप’मध्ये हे वय सेकंदांत लिहितात, ९० दिवस म्हणजे ७७,७६,०००. एक ओळ लिहिली की हजारो माणसांना ती लागू.

पण माणसं हुशार. ‘गणपती१’ची मुदत संपली की ‘गणपती२’! २०१०मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं, की जुना पासवर्ड माहीत असेल तर १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाचापेक्षा कमी अंदाजांत सापडतो. टाळ्याचीही गंमत अशीच: तुमचं युजरनेम माहीत असलेला कुणीही मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाकून तुम्हालाच बाहेर ठेवू शकतो.

२०१७मध्ये ‘निस्ट’ या अमेरिकी मानक संस्थेने भूमिका बदलली: पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर तो उगाच बदलायला लावू नका. २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजसाठीच्या आपल्या शिफारशींतून मुदतीची अट काढली. चुकांवरचा आळा मात्र ‘निस्ट’ने ठेवला, पण सैल: सलग फार तर १०० चुका.

तरीही कितीतरी सर्व्हरांवर ती जुनी ओळ तशीच आहे. चोराला अडवायला लिहिलेला नियम रोज अडवतो तो सोमवारी सकाळी कामाला बसणाऱ्याला. तो चिडतो, नवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहितो आणि स्क्रीनला चिकटवतो.