कपिलतीर्थातलं घर

कोल्हापुरात कपिलतीर्थ मार्केटमध्ये भाजी घ्यायला गेलात तर मान वर करायला फुरसत मिळत नाही. खाली मेथीच्या पेंढ्या, बाजूनं दुचाकी, मागून कुणीतरी पिशवी ढकलतंय. इथून अंबाबाईचं देऊळ चार पावलांवर आहे. बाहेरगावचे लोक दर्शन घेऊन भवानी मंडपाकडे निघून जातात, मार्केटात येतात ते गावातले. तीनशे वर्षांपूर्वी देवी याच भागात एका पुजाऱ्याच्या घरात लपून होती, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल? मलाही ते फार उशिरा कळलं.

लपून होती हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. देवी संकटात धावून येते, भक्ताला पदराखाली घेते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. इथं उलटं झालं. संकट आलं तेव्हा देवीला घर लागलं, आणि ते तिला एका भेदरलेल्या माणसानं दिलं.

त्या काळी भेदरायला कारणंही तशीच होती. १६८९ साली संगमेश्वरात संभाजी महाराजांना पकडणारा मुकर्रबखान निघाला होता तो याच कोल्हापुरातून. त्यानंतरची अठरा वर्षं, म्हणजे १७०७ मध्ये औरंगजेब मरेपर्यंत, हा सगळा मुलुख फौजांच्या पायाखाली होता. १७०१ मध्ये बादशहा स्वतः पन्हाळ्याच्या वेढ्यावर आला. पन्हाळा कोल्हापूरपासून जेमतेम वीस किलोमीटर. त्या छावणीत लाखांनी माणसं, घोडे, उंट, बैल. आसपासचं गवत, धान्य, लाकूडफाटा संपवतच ती पुढं सरकायची. शाळेत आपण या काळातल्या लढाया शिकतो. पण जो लढत नव्हता, ज्याला घर सोडून कुठं जायचंही ठाऊक नव्हतं, त्याची भीती पाठ्यपुस्तकात येत नाही.

अशाच कुणीतरी ठरवलं, की मूर्ती देवळात ठेवायची नाही. मूर्ती काळ्या दगडाची, उंचीला तीन फुटांच्या आतबाहेर, वजन चाळीस किलोच्या आसपास. एकट्यानं उचलून पळावं अशी नाही. म्हणजे दोघं-चौघं तरी असणार, वेळ रात्रीची असणार, आणि त्या दोघा-चौघांना पुढं आयुष्यभर तोंड बंद ठेवायला लागणार.

आता ते घर डोळ्यांसमोर आणून बघा. ज्या देवीसमोर नगारा वाजायचा, तिच्यासमोर घंटा वाजवायची सोय नाही. आरती म्हणायची तर ओठांतल्या ओठांत. शेजारणीनं सहज विचारावं, आज पुरण का घातलंय, आणि घरातल्या बाईनं काहीतरी थाप मारावी. पोरांना काय सांगितलं असेल? सांगितलंच नसेल, असं मला वाटतं. आणि तरी रोज कुणीतरी अंघोळ करून त्या अंधाऱ्या खोलीत जात असणार, पाणी घालत असणार, फूल ठेवत असणार. हे चित्र माझ्या कल्पनेतलं, पण मूर्ती टिकली त्या अर्थी कुणीतरी ती सांभाळली एवढं नक्की.

पुढची हकिकत नोंदली गेली आहे. नरहर भट सावगावकर नावाच्या एका भक्ताला स्वप्न पडलं. त्यानं पन्हाळ्यावर जाऊन ते छत्रपती संभाजीराजांना सांगितलं. हे संभाजी म्हणजे शिवरायांचे नातू, राजाराम आणि राजसबाईंचा मुलगा. राजांनी स्वप्नावर विश्वास ठेवला आणि सिधोजी हिंदुराव घोरपड्यांना कामाला लावलं. १७१५ च्या विजयादशमीला, सोमवारी, देवी पुन्हा देवळात बसली. राजे तेव्हा सतरा वर्षांचे होते.

यात राजकारण नव्हतंच असं म्हणणारा भाबडा ठरेल. आदल्याच वर्षी, १७१४ मध्ये, राजसबाईंनी ताराबाई आणि त्यांच्या मुलाला पन्हाळ्यावर कैद करून आपल्या मुलाला गादीवर बसवलं होतं. ज्या ताराबाईंनी सात वर्षं औरंगजेबाला झुंजवलं, त्या तिथंच अटकेत होत्या. अशा वेळी कोवळ्या राजाच्या हातून करवीरची देवी परत येणं ही गोष्ट गादीला बळ देणारीच. (आज त्याच मार्केटला लागून जो रस्ता जातो त्याला ताराबाई रोड म्हणतात. गावाच्या मनात कोण राहिलं ते बघा.) पण राजाचा फायदा झाला म्हणून त्या घरातल्या माणसांचा धीर खोटा ठरत नाही. त्यांना १७१५ साल येणार आहे हे माहीत नव्हतं.

असं देवाला घेऊन निघणं आपल्याकडं एकदाच झालेलं नाही. १५६० च्या दशकात गोव्यात पोर्तुगिजांच्या धाकानं मंगेशी कुशस्थळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. १६५९ मध्ये अफझलखान आला तेव्हा पंढरीचा विठ्ठलही देवळातून हलवल्याची परंपरा आहे. पळणारी माणसं दागिने घेतात, भांडी घेतात, धान्य घेतात. यांनी दगड घेतला. यातलं शहाणपण मला बरेच दिवस कळत नव्हतं.

ते थोडंफार कळलं पूजेच्या रीतीतून. आपल्या शास्त्रात मानसपूजा आहे. हातात काही नसताना मनातल्या मनात अभिषेक करायचा, मनातलंच फूल वाहायचं. शंकराचार्यांच्या नावावर असलेलं ‘शिवमानसपूजा’ स्तोत्र याच रीतीचं. देवीच्या काही पूजाविधींत तर साधक आधी आपल्या हृदयातली देवता श्वासावाटे फुलात आणतो, फूल मूर्तीवर ठेवतो, पूजा संपली की त्याच वाटेनं तिला परत हृदयात घेतो. म्हणजे तिचं राहण्याचं ठिकाण माणूस, देऊळ ही भेटायची जागा. कोल्हापूरनं याचं एक रूप २०१५ मध्ये पाहिलं. मूर्तीची झीज थांबवण्यासाठी पुरातत्त्व खात्यानं तिच्यावर रासायनिक प्रक्रिया केली, त्याआधी विधी करून देवीचं तत्त्व कलशात घेतलं आणि काम चाललं तोवर लोकांनी कलशाला हात जोडले. कुणाला त्यात विचित्र वाटलं नाही.

याच्याशी जुळणारी गोष्ट मला सापडली ती थेट ॲम्स्टरडॅममध्ये. एटी हिलेसम नावाची ज्यू तरुणी, वय अठ्ठावीस. नाझी दर आठवड्याला नवा हुकूम काढत होते, ओळखीची माणसं एकेक करून नाहीशी होत होती. १९४२ च्या जुलैत एका सकाळी तिनं वहीत देवाशी बोलणं लिहिलं. त्याचा आशय असा, की तू आम्हाला वाचवू शकशील असं आता दिसत नाही. तेव्हा आम्हीच तुला मदत करायची, आमच्या आत तुझं जे घर आहे ते शेवटपर्यंत राखायचं. पुढच्या वर्षी ती आउश्वित्झला मेली. तिच्या वह्या १९८१ मध्ये छापून आल्या. तिनं कपिलतीर्थाचं नाव कुठून ऐकलं असणार! पण वाचताना मला ती अंधारी खोली आठवली. भीती घालवायला तिनं देवाकडं काही मागितलं नाही. तिनं सांभाळायचं काम अंगावर घेतलं. ज्याच्या ताब्यात काही सांभाळायला असतं, त्याला थरथरायला तेवढा वेळ कमी मिळतो. घरात तापानं फणफणलेलं पोर असलं की आई भुताला भीत नाही, तसं.

इथपर्यंत सगळं गोड चाललंय, म्हणून थोडं थांबतो. देव हृदयात आहे हे वाक्य आपल्याकडं आणखी एका कामाला वापरलं गेलं. ज्यांना देवळाच्या दारातून हाकललं, त्यांनाही हेच ऐकवलं: आत कशाला येतोस, देव तर तुझ्या मनातच आहे. चोखोबांनी आयुष्यभर विठ्ठल मनात ठेवला. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला वेशीचं काम करताना भिंत कोसळून ते गेले, आणि त्यांची समाधी आजही महाद्वाराच्या बाहेर आहे. ते दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपाशी बसायला लागलं. मधे सहाशे नऊ वर्षं गेली. चोखोबांचा आसरा खरा होता, त्याबद्दल मला शंका नाही. पण तो त्यांनी स्वतः उभा केला होता. दार लावणाऱ्यांनी त्याचं श्रेय घेऊ नये, आणि त्या आसऱ्याचा दाखला देऊन दार बंदही ठेवू नये.

भीती आणि देव एकाच जागी बघायचे तर पावसाळ्यात नरसोबाच्या वाडीला जा. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताच्या पादुका. नदी चढली की पाणी गाभाऱ्यात शिरतं, पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात अंघोळ करायला लोक लांबून येतात. पाणी आणखी वाढलं की उत्सवमूर्ती वरच्या जागी हलवतात. देव उठून बसायला जागा बदलतो, पूजा चालूच. मात्र २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा पंचावन्न फुटांवर गेली, धोक्याची पातळी त्रेचाळीस. त्या आठवड्यात शिरोळ तालुक्यात सोहळा वगैरे कुणाच्या मनात नव्हता. गोठ्यातलं जनावर सोडायचं की बोटीत आधी म्हातारीला बसवायचं, असले प्रश्न होते. पाणी ओसरल्यावर लोक परत आले, चिखल काढला, देवघरातले टाक चिंचेनं घासले.

आणि मग २०२०. मार्चमध्ये देवळं बंद झाली. माझ्या आजीनं शुक्रवार कधी चुकवला नव्हता. आम्हाला वाटलं ही आता खचणार. पहिल्या शुक्रवारी ती नेहमीसारखी आवरून, हिरवं लुगडं नेसून, स्वयंपाकघराच्या खिडकीत देवळाच्या दिशेला तोंड करून बसली. मी म्हटलं, आजी, ऑनलाइन दर्शन आहे, मोबाइलवर दाखवू का? म्हणाली, “ऱ्हाऊ दे. तिला काय कुलूप लागतंय व्हय? मी बघतो न्हवं तिला हितनंच.” कोल्हापूरच्या जुन्या बायका बोलतात तशीच ती बोलायची, बघतो, जातो, येतो. मग डोळे मिटले आणि पुढं अर्धा तास ती आमच्यात नव्हती. त्या दिवसांत घरात सगळ्यांत कमी भ्यालेलं माणूस तेच होतं. हात मात्र ती साबणानं वीस वीस सेकंद धुवायची, नाही धुतले तर आम्हाला ओरडायची.

दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, देऊळ उघडलं. पासष्टच्या वरच्यांनी घरीच थांबावं अशी सूचना होती, आजी अठ्ठ्याहत्तरची. तरी चल म्हणाली. तिला मी गाडीवर बसवून नेलं. महाद्वारात न जाता तिनं मला ताराबाई रोडनं वळायला सांगितलं. कपिलतीर्थाच्या तोंडाशी उतरून तिनं मास्क नाकावर ओढला, देवळाच्या शिखराकडं बघून हात जोडले, आणि वांगी कशी दिली म्हणून विचारायला पुढं झाली.