पाप आणि अपराध

नंदुरबार जिल्ह्यांत शहाद्याच्या शेजारीं लोणखेडा हें गांव आहे. तेथून तळोदें तालुक्यांतील मोरवड फारसें दूर नाहीं. मोरवडच्या गुला महाराज या भिल्ल साधुपुरुषानें १९३७-३८ च्या सुमारास आपल्या लोकांस दारू सोडण्याचा आणि स्वच्छ राहण्याचा उपदेश आरंभिला. 'आप की जय' म्हणत लोक त्याच्या आरतीस जमत, आणि सरकारी हुकुमाशिवाय हजारों आदिवासींनीं दारू टाकली. गुला महाराज १९३८ सालीं वारले. पुढें १९४९ सालीं मुंबई सरकारनें दारूबंदीचा कायदा केला. दोघांचा हेतु एकच. साधनें मात्र भिन्न. एकानें मन वळविलें, दुसऱ्यानें शिपाई पाठविला. आज तो कायदा पुस्तकांत आहे आणि परवान्याचीं दुकानें बाजारांत आहेत. नीति कायद्यानें लादतां येते काय, आणि आली तरी लादावी काय, हा प्रश्न असा लोणखेड्याच्या परिसराला अनोळखी नाहीं.

हाच प्रश्न ख्रिस्ती जगाला कित्येक शतकें दुसऱ्या एका विषयाच्या निमित्तानें पडत आला आहे. पुरुषाचें पुरुषाशीं किंवा स्त्रीचें स्त्रीशीं असलेलें प्रेम, त्यांतील देहसंबंध, आणि अलीकडे अशा जोडप्यांनीं केलेली विवाहाची मागणी, हा तो विषय. सुशिक्षित घरांतही त्याचा उच्चार टाळला जातो. परंतु ज्यांचें आयुष्य त्यांत गुंतलेलें असतें त्यांना तो टाळतां येत नाहीं. ख्रिस्ती धर्म या गोष्टीस पाप मानतो, म्हणून ख्रिस्ती माणूस तिला शिक्षाही मागणारच, असें समीकरण सामान्यतः बांधलें जातें. इतिहास पाहिला तर तें तितकें सरळ नाहीं.

मध्ययुगीन इंग्लंडांत अशा संबंधांचा विचार धर्मपीठाच्या न्यायालयांत होई. १५३३ सालीं आठव्या हेन्रीच्या पार्लमेंटानें तो विषय धर्मपीठाच्या हातून काढून राजाच्या न्यायालयांकडे दिला आणि त्यास देहांताची शिक्षा ठेविली. हा काळ राजा आणि रोमचा पोप यांच्यांतील तंट्याचा होता. धर्मपीठाची सत्ता राजाकडे खेंचण्याच्या त्या उद्योगांतच या कायद्याचाही जन्म झाला. जें पाप होतें तें असें राजाज्ञेनें अपराध ठरलें. १८३५ सालीं लंडनमध्यें या अपराधासाठीं दोघां माणसांस फांशीं देण्यांत आलें. तीं त्या देशांतील अशीं शेवटचीं फांशीं होत. फांशीची शिक्षा १८६१ सालीं रद्द झाली.

हिंदुस्थानांत हा विचार दंडसंहितेबरोबर आला. मेकॉलेच्या आयोगानें १८३७ सालीं मसुदा तयार केला. ज्या मेकॉलेनें इतर कलमांवर पानेंच्या पानें विवेचन लिहिलें, त्यानेंच या कलमांविषयीं मौन धरलें. कारण उघड चर्चा झाल्यास कलमांच्या लाभापेक्षां चर्चेची हानि अधिक होईल, अशी त्याची समजूत होती. ज्या नियमानें माणसाला जन्मठेप होऊं शकते त्याची कारणें सांगण्याचें त्यानें टाळलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. १८६० सालीं संहिता मंजूर होऊन १८६२ च्या आरंभीं अमलांत आली, आणि तिचें ३७७ वें कलम 'निसर्गक्रमाविरुद्ध' संबंधास जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगूं लागलें.

याच्या तीनशें वर्षें आधीं गोव्यांत राजसत्ता आणि धर्मसत्ता यांनीं हातांत हात घालून नीति लादण्याचा प्रयोग आरंभिला होता. १५६० सालीं स्थापन झालेलें इन्क्विझिशनचें न्यायपीठ, मध्यंतरींचीं १७७४ ते १७७८ हीं वर्षें वगळतां, १८१२ पर्यंत चाललें. नवख्रिस्ती लोकांनीं जुने आचार सोडावे यासाठीं घरांतील विधींवरही पाळत ठेवण्यांत आली. १७३६ च्या हुकुमानें त्यांच्या लग्नांतील जुन्या चालीरीतींवर बंदी घातली. फळ काय झालें? नवरानवरीस नारळाच्या रसानें न्हाऊं घालण्याचा 'रोस' हा विधि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत आजही होतो. न्यायपीठाचा वाडा जमीनदोस्त झाला, रोस राहिला. ज्यांना त्या अवधींत कैद आणि छळ सोसावा लागला त्यांचीं आयुष्यें मात्र परत आलीं नाहींत.

येथें एक शंका येईल. धर्म मानणाऱ्यानें पापास मोकळीक द्यावी, असें तर कोणी म्हणत नाहीं ना? तेराव्या शतकांतील थॉमस अक्वायनस या कॅथलिक आचार्यानें या शंकेचा विचार केला आहे. समलिंगी संबंध त्याच्या मतें घोर पाप होतें. त्यांत त्यानें तिळमात्र सवलत दिली नाहीं. परंतु मनुष्यकृत कायद्याची मर्यादा सांगतांना तो म्हणतो त्याचा आशय असा : कायदा सर्वसाधारण माणसांसाठीं असतो, आणि बहुसंख्य माणसें सद्‌गुणांत पूर्ण नसतात, म्हणून कायद्यानें प्रत्येक दुर्गुणास हात घालूं नये, जे अधिक गंभीर आणि विशेषतः दुसऱ्यास इजा करणारे, त्यांनाच आवरावें. अपुऱ्या माणसांवर पूर्णत्वाचा भार एकदम टाकला तर तीं त्याहून मोठ्या अनर्थांत पडतात. म्हणजे पाप आणि अपराध हीं दोन वर्तुळें एकमेकांस छेदतात, पण तीं एकरूप नाहींत.

हा विचार इंग्लंडांत सातशें वर्षांनीं कामास आला. १९५४ सालीं नेमलेल्या वुल्फेंडेन समितीनें १९५७ सालीं अहवाल दिला कीं, प्रौढ पुरुषांचा संमतीचा खासगी संबंध हा अपराध मानूं नये. कँटरबरीचे आर्चबिशप फिशर तें कृत्य पापच मानीत, तरीही त्यांनीं या शिफारशीस पाठिंबा दिला. लॉर्ड डेव्हलिन या न्यायाधीशानें १९५९ सालीं उलट बाजू मांडली. समाज समान नीतीवर उभा असतो. ती नीति ढासळूं देणें म्हणजे समाज ढासळूं देणें, असा त्यांचा युक्तिवाद. प्रा. हार्ट यांनीं त्यास उत्तर दिलें कीं, नीति बदलली म्हणजे समाज बुडतो याला पुरावा काय? १९६७ सालीं इंग्लंड आणि वेल्स येथें कायदा बदलला. हिंदुस्थानला दिलेलें कलम मात्र, देणाराचें घर बदललें तरी, तसेंच राहिलें.

भारतांत तें हलण्यास २००१ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं दिल्ली हायकोर्टांत दाखल झालेल्या अर्जावर २ जुलै २००९ रोजीं निकाल लागला, आणि प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतें कलम घटनाबाह्य ठरलें. डॉ. आंबेडकरांनीं ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत 'घटनात्मक नीति' हा शब्द वापरला होता. न्यायालयानें तो येथें आधारास घेतला. बहुसंख्यांस जें रुचतें तें लोकमत. घटना जें मागते तें वेगळें असूं शकतें, असा त्याचा भावार्थ. या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत गेलेल्यांत हिंदु आणि मुसलमान पक्षकारांप्रमाणेंच उत्कल ख्रिश्चन कौन्सिल आणि केरळमधील अपोस्टॉलिक चर्चेस अलायन्स या ख्रिस्ती संस्थाही होत्या. ११ डिसेंबर २०१३ रोजीं तो निकाल फिरला.

या वेळीं मुंबईहून आलेला एक आवाज ध्यानांत घेण्याजोगा आहे. मुंबईचे त्या वेळचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनीं सांगितलें कीं, समलिंगी विवाहास ख्रिस्तसभेचा विरोध आहे; परंतु अशा व्यक्तींस तिनें गुन्हेगार कधींच मानलें नाहीं. नागपुरांत मुख्य कार्यालय असलेल्या भारतीय चर्चेसच्या राष्ट्रीय परिषदेनेंही मानवी लैंगिकतेवर अभ्यास आणि संवाद हातीं घेतला. तिच्या सभासद चर्चेसमध्यें या बाबतींत एकमत नाहीं, हेंही खरें. एकाच बायबलावर श्रद्धा ठेवणारे असे दोन्हीं बाजूंस दिसतात. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें संमतीच्या संबंधांस शिक्षेंतून मुक्त केलें. २०२३ च्या जानेवारींत पोप फ्रान्सिस यांनीं एका मुलाखतींत हाच भेद उघड शब्दांत केला : ही गोष्ट अपराध नव्हे, पाप असेल, पण पाप आणि अपराध यांत अंतर आहे.

शिक्षेचा प्रश्न असा सुटला, तरी विवाहाचा प्रश्न त्याहून कठीण आहे. शिक्षा न करणें म्हणजे सरकारनें बाजूला उभें राहणें; विवाह नोंदणें म्हणजे सरकारनें पुढें येऊन मान्यता देणें. व्हॅटिकनच्या २००३ सालच्या पत्रकाचा भर नेमका येथें आहे. कायदा समाजाला शिकवीत असतो. विवाहाची व्याख्या बदलली म्हणजे पुढच्या पिढीची समजूत बदलते. म्हणून कॅथलिक लोकप्रतिनिधीनें अशा कायद्यास विरोध करावा, असें तें सांगतें. हा युक्तिवाद हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. परंतु त्यास ख्रिस्ती परंपरेंतूनच उत्तरही आहे. मार्टिन ल्यूथरनें १५२९ सालीं विवाहास लौकिक व्यवहार म्हटलें आणि त्याचे नियम राज्याकडे सोंपविले. धर्ममंदिरांतील विवाह हा संस्कार. सरकारी दप्तरांतील विवाह हा वारसा, पालनपोषण, आजारपणांतील अधिकार यांचा बंदोबस्त. पहिल्याचें स्वरूप धर्मपीठानें ठरवावें, दुसऱ्याचें न्यायानें.

या दोहोंची फारकत भारतीय ख्रिस्ती समाजानें एकदां अनुभवली आहे. १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्याप्रमाणें पतीस पत्नीचा व्यभिचार दाखविणें पुरे होई. पत्नीस मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्याग असें आणखी कांहीं सिद्ध करावें लागे. नुसती मारहाण तिच्या सुटकेस पुरत नसे. १९९७ सालीं मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठानें ही विषमता घटनेविरुद्ध ठरविली, आणि २००१ सालीं पार्लमेंटानें कायदा दुरुस्त केला. कॅथलिक ख्रिस्तसभा विवाहबंधन आजही अभेद्य मानते. कोणत्याही धर्मगुरूस घटस्फोटितांचें लग्न लावण्याची सक्ति झाली नाहीं. सिद्धांत जेथें होता तेथें राहिला. फक्त त्याचा भार मार खाणाऱ्या बाईच्या पाठीवरून उतरला.

असेंच कांहीं आयर्लंडांत घडलें, आणि तेथें एक मराठी धागा आहे. मालवणजवळच्या वराड गांवचे डॉ. अशोक वराडकर तिकडे स्थायिक झाले. त्यांचे चिरंजीव लिओ कॅथलिक संस्कारांत वाढले. आयर्लंडांतही इंग्रजी अमलाचाच दंडविधि होता. तो १९९३ सालीं हटला. जानेवारी २०१५ मध्यें लिओ वराडकर मंत्री असतांना त्यांनीं रेडिओवरील मुलाखतींत आपण समलिंगी असल्याचें सांगितलें. त्याच वर्षीं २२ मे रोजीं सार्वमत होऊन सुमारें ६२ टक्के मतदारांनीं समलिंगी विवाहास मान्यता दिली. ज्या देशांत कॅथलिक लोकांचें मोठें बहुमत, तेथील हा कौल. डब्लिनचे आर्चबिशप मार्टिन यांनीं लोकांस दूषण दिलें नाहीं. ख्रिस्तसभेनें वस्तुस्थिति पारखून घेतली पाहिजे, असें ते म्हणाले. २०१७ सालीं लिओ वराडकर पंतप्रधान झाले, आणि २०१९ च्या डिसेंबरांत वराडला येऊन गेले.

भारतांत १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालीं असा विवाह नोंदावा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयानें १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं नाकारली. विवाहाचा मूलभूत हक्क घटनेंत नाहीं, याविषयीं पांचही न्यायमूर्तींचें एकमत झालें. विवाहाहून निराळ्या सहजीवनास मान्यता द्यावी कीं नाहीं यावर तीन विरुद्ध दोन असा भेद पडला, आणि सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड अल्पमतांत राहिले. प्रश्न कायदेमंडळाकडे गेला. पुनर्विचाराचे अर्जही जानेवारी २०२५ मध्यें फेटाळले गेले. त्यापूर्वीं १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता अमलांत आली, आणि मेकॉलेच्या काळापासून चालत आलेलें तें कलम दंडविधींतून नाहींसें झालें.

तेव्हां कायदेमंडळापुढें आतां प्रश्न उरतो तो एवढाच कीं, एका छताखालीं आयुष्य काढणाऱ्या दोन माणसांपैकीं एक रुग्णालयांत पडला असतां दुसऱ्यानें दाराबाहेर उभें राहावें काय. ज्यांस हा संबंध पाप वाटतो त्यांचा तो विश्वास कोणी हिरावून घेऊं नये. व्यासपीठावरून आणि घरांतून त्यांनीं आपलें म्हणणें सांगत राहावें. धर्माची खरी शक्ति तेथेंच असते. मोरवडच्या साधूपाशीं ना तुरुंग होता, ना शिपाई. होता तो केवळ शब्द. तो लोकांच्या अंतःकरणांत उतरला म्हणून दारू सुटली. ज्या शब्दांत एवढें बळ आहे त्याला शिपायाची जोड लागत नाहीं. आणि ज्यांत तें नाहीं, त्याला शिपाई पुरा पडत नाहीं.