जाळीआडचे सूर

जुन्या गोव्यातील सांता मोनिका हा जोगिणींचा मठ आर्चबिशप मेनेझिस यांनी १६०६ साली स्थापन केला. तिथल्या स्त्रियांचे गाणे जाळीआडून येई. पोर्तुगालने १८३४ मध्ये पुरुषांचे धर्मसंघ बंद केले. जोगिणींच्या मठांत नव्या भरतीला मनाई झाली. शेवटची जोगीण वारली आणि मठातले गाणे थांबले.

इटलीतील फेराराचे नशीब बरे. १५४३ साली व्हेनिसमध्ये पाच आवाजांसाठीच्या काही धार्मिक रचना कर्त्याच्या नावाविना छापल्या गेल्या. त्या तिथल्या मठप्रमुख लिओनोरा देस्ते यांच्या असाव्यात, असे लॉरी स्ट्रास या संशोधिकेने मांडले. आज त्या पुन्हा गायल्या जातात. स्वरलिपी छापलेली होती ना!

आम्हा तानसा परिसरातील शिक्षकांना यावरून आपल्या घरांतील मिलादच्या वह्या आठवतात. पडद्यात बायकांनी म्हटलेले नात शरीफ त्यांत उर्दूत उतरवलेले आहेत, चाल मात्र कुठेच नाही. ती दादी-नानींच्या गळ्यात आहे. येत्या सुट्टीत ती आम्ही मोबाईलवर भरून घेणार आहोत.