नो सर्प्रायझेस ॲक्ट

विमा कंपनीशी करार नसलेल्या, म्हणजेच नेटवर्कबाहेरच्या, डॉक्टरांचे वा रुग्णालयाचे बिल रुग्णावर अवचित येऊन पडू नये, यासाठी अमेरिकेने केलेला संघीय कायदा. २७ डिसेंबर २०२० रोजी राष्ट्राध्यक्ष डॉनल्ड ट्रम्प यांनी सही केलेल्या मोठ्या खर्चविधेयकाचा तो एक भाग होता. त्याचा अंमल १ जानेवारी २०२२ पासून सुरू झाला.

अमेरिकेत विमा कंपन्या काही डॉक्टर व रुग्णालयांशी आधीच दर ठरवून घेतात. करारातला डॉक्टर त्याहून जास्त मागू शकत नाही. करार नसलेला स्वतःचा दर लावी, विमा कंपनी स्वतःला पटेल तेवढे देई आणि मधली तफावत रुग्णाकडून वसूल होई. याला ‘बॅलन्स बिलिंग’ म्हणतात. नेटवर्कमधले रुग्णालय आणि सर्जन पारखून निवडणाराही यातून सुटत नसे. घरी परतल्यावर काही आठवड्यांनी भूलतज्ज्ञाचे वेगळे बिल येई, कारण तो रुग्णालयाचा नोकर नसून बाहेरच्या डॉक्टरगटाचा असे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पडलेल्या माणसाने भूलतज्ज्ञाचे नेटवर्क विचारावे, ही अपेक्षाच अमानुष होती.

न्यूयॉर्कने २०१५ पासून आणि कॅलिफोर्नियाने २०१७ पासून राज्यापुरते संरक्षण दिले होते. पण मालक स्वतःच्या निधीतून चालवतो त्या आरोग्ययोजना १९७४ च्या ‘एरिसा’ कायद्यामुळे राज्यांच्या विमानियमांबाहेर राहतात आणि नोकरीतून विमा मिळणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक अशाच योजनांत असतात. म्हणून संघीय कायद्यावाचून गत्यंतर नव्हते.

आता तातडीच्या उपचारांत, नेटवर्कमधल्या रुग्णालयात नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरने केलेल्या उपचारांत आणि हवाई रुग्णवाहिकेसाठी रुग्णाने नेटवर्कच्या हिशेबाने येणारा स्वतःचा वाटाच भरायचा. ही रक्कम डिडक्टिबलमध्येही, म्हणजे विमा कंपनीने पैसे देऊ लागण्याआधी रुग्णाने स्वतः भरायच्या वार्षिक रकमेतही, धरली जाते. नियोजित उपचारांत काही डॉक्टर, साधारणपणे ७२ तास आधी, लेखी संमती घेऊन जादा आकारणी करू शकतात. भूल, रेडिओलॉजी, पॅथॉलॉजी, नवजात अर्भकांची देखभाल अशा सेवांसाठी मात्र ही संमती मागताच येत नाही, कारण तिथे रुग्ण डॉक्टर निवडतच नाही.

उरलेल्या पैशांचा वाद डॉक्टर आणि विमा कंपनीने आपसांत मिटवायचा. आधी कामकाजाचे ३० दिवस वाटाघाटी, मग लवाद. दोन्ही पक्ष एकेक आकडा देतात आणि लवादाला त्यांतला एकच निवडावा लागतो. पहिल्या वर्षी सुमारे १७ हजार तंटे येतील असा सरकारचा अंदाज होता. २०२२ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्येच ९० हजारांवर दाखल झाले. विमा कंपनीच्या नेटवर्कमधल्या मध्यक (मीडियन) दराला लवादाने किती वजन द्यावे, यावर टेक्सासमधील डॉक्टरांची संघटना न्यायालयात गेली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने नियमांचा तो भाग रद्द केला. या भांडणातून रुग्ण बाहेर पडला, हेच या कायद्याचे सर्वांत मोठे यश आहे.

विमा नसलेल्याला नियोजित उपचारांआधी खर्चाचा लेखी अंदाज मिळण्याचा हक्क आहे. बिल त्याहून ४०० डॉलर वा अधिक वाढले, तर १२० दिवसांत दाद मागता येते.

रस्त्यावरच्या रुग्णवाहिका मात्र या कायद्यातून वगळल्या आहेत. काही राज्यांनी त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम केले असले, तरी छातीत कळ आल्यावर ९११ हा आणीबाणीचा क्रमांक फिरवणाऱ्याला रुग्णवाहिका निवडता येत नाही, त्यामुळे ही उणीव अक्षम्य आहे.

मुलांकडे अमेरिकेला जाणारे महाराष्ट्रातले आईवडील बहुधा प्रवासविमा काढतात. त्याला हे संरक्षण सहसा लागू होत नाही. पॉलिसी घेण्याआधी तिची कमाल मर्यादा आणि नेटवर्कची अट वाचून घ्यावी, नियोजित उपचारांआधी लेखी अंदाज मागावा आणि बिल आलेच तर पैसे भरण्यापूर्वी त्याचा बाबवार तपशील मागवून घ्यावा.